हॅरिगनबाईंची किटली

मी चौदा वर्षांची असताना आम्ही ज्या घरात राहत होतो, ते बघायला दर शनिवारी टूवूंबाहून बस भरून माणसं येत. हे वाक्य मी तीनदा तपासलं. बरोबर आहे, तसंच राहू दे.

अन्वी, ईशान, माझ्या नातवंडांनो, तुमची आई म्हणते, हे सगळं मी इंग्रजीत लिहावं म्हणजे मला सोपं जाईल. तिचं खरं आहे. माझं शिक्षण इंग्रजीत झालं, शाळेत आयुष्यभर शिकवलं तेही इंग्रजीत, आणि दुकानातून काय आणायचं याची यादी मी अजून इंग्रजीतच करते. पण या प्रकरणात माझी आई आहे, आणि ती ज्या भाषेत रागवायची त्याच भाषेत ते लिहायला हवं. शुद्धलेखनाच्या चुका तुम्ही पुण्यात बसून काढा आणि मला रविवारी व्हिडिओवर सांगा. वहीत नोंद करून ठेवीन.

तर ते घर. माझे बाबा त्या गावच्या लहानशा हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून आले. गाव ब्रिस्बेनच्या पुढच्या टूवूंबा शहराच्या पश्चिमेला, गाडीने दीड तासावर. मधे गहू, ज्वारी आणि आभाळ. डॉक्टरांसाठी जो बंगला होता तो वाळवीने इतका खाल्ला होता, की पहिल्याच दिवशी बाबांचा पाय न्हाणीघराच्या जमिनीतून आरपार गेला. गावात दुसरं रिकामं घर एकच होतं. त्यात क्लेम हॅरिगनचं लहानपण गेलं होतं. हा क्लेम म्हणजे त्या भागातला फार मोठा गायक. गुरं, धूळ, लांबचे रस्ते आणि आई, एवढ्या चार विषयांवर त्याने गिटार घेऊन शेकडो गाणी म्हटली होती आणि त्यातली निम्मी सगळ्या देशाला पाठ होती. घर आता गावाच्या मालकीचं होतं. समोरच्या दोन खोल्यांत त्याची पहिली गिटार, हॅट, खोगीर आणि लोखंडी खाट मांडलेली. मागच्या तीन खोल्या आम्हाला, "तात्पुरत्या". क्लेमची गाणी कशावर असतात ते मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपल्या जात्यावरच्या ओव्याच की. फक्त हा पुरुष आहे आणि दळत काही नाही."

अडचण स्वयंपाकघराची होती. ते एकच होतं आणि ते अर्धं संग्रहालय, अर्धं आमचं. मधोमध लाल दोरी बांधलेली. दोरीच्या अलीकडे आमची विजेची शेगडी, आईचे डबे, पोळपाट आणि खिडकीच्या कट्ट्यावर देव. पलीकडे हॅरिगनबाईंची, म्हणजे क्लेमच्या दिवंगत आईची, लाकडं घालायची मोठी लोखंडी चूल, आणि चुलीवर एक किटली. आपल्याकडे दूध आणायला असते ना, झाकणाची, तारेच्या कडीची, तशीच पत्र्याची. इथे तिला बिली म्हणतात आणि तिच्यात उघड्या जाळावर चहा उकळतात. ही किटली इतकी काळी होती की पत्रा कुठला आणि काजळी कुठली ते कळत नसे. आई आपल्या शेगडीवर पोळ्या करी आणि दोन हातांवर ते काळं भांडं आठ महिने तिच्याकडे बघत असे.

शनिवारी अकराला बस यायची. तिच्या आधी नॉर्माबाई यायच्या. नॉर्मा प्रॅट या संग्रहालयाच्या समितीच्या प्रमुख: केस घट्ट कुरळे, चष्म्याला साखळी, आणि हातात एक लांब विणायची सुई, वस्तू दाखवायला. "नुसतं नॉर्मा म्हण, डार्ल," असं त्यांनी आईला दहादा सांगितलं; आईने दहाही वेळा मान हलवली आणि "नॉर्माबाई"च म्हटलं. रेकॉर्ड-प्लेअरवर क्लेमचं सगळ्यात गाजलेलं गाणं लागायचं, एकदा संपलं की पुन्हा. पत्र्याचं छप्पर उन्हाने तडतडायचं, जाळीचं दार आपटायचं, बाहेर गुलाबी काकाकुवांचा कलकलाट, आणि या सगळ्यावर क्लेमचा तो नाकातला आवाज. आईला एक शब्द कळत नव्हता, पण महिन्याभरात ती कणीक मळताना तीच चाल गुणगुणायला लागली.

बसमधून उतरलेली माणसं म्हणजे पाहुणे, याबद्दल आईच्या मनात कधी शंका नव्हती. उन्हातून घरी आलेल्या माणसाला पाणी न विचारता परत पाठवायचं कसं? पहिल्या शनिवारी तिने पाणी आणि गूळ ठेवला. गुळाकडे लोक संशयाने बघत राहिले, म्हणून दुसऱ्या शनिवारपासून शंकरपाळी. ती मात्र उडाली. कोणी विचारत, "क्लेम लहानपणी हेच खायचा का?" आणि नॉर्माबाई सुई हवेत थांबवून म्हणत, "नाही लव्ह, ही डॉक्टरांची बिस्किटं." एकदा एक आजोबा चुकून बाबा दाढी करत होते त्या न्हाणीघरात शिरले. "माफ कर, मेट, हेसुद्धा बघायचं आहे का?" बाबा म्हणाले, "बघा, पण हे मूळचं नाही." ते आजोबा शांतपणे दोन मिनिटं बघून गेले.

आता माझी गोष्ट. घरात इंग्रजी आणि आई यांच्यामधे मी होते. बाबा हॉस्पिटलात, म्हणून दारावर कोण काय म्हणालं, पत्रात काय आलं, ते आईला सांगायचं काम माझं. सुरुवातीला मी ते चोख करत असे. पुढे मला शाळेत मैत्रिणी मिळाल्या, ग्लेनिस नावाच्या मुलीच्या घोड्यावर बसायला मिळालं, आणि आईसाठी थांबून शब्द न् शब्द सांगायचा मला कंटाळा येऊ लागला. नॉर्माबाई पाच मिनिटं बोलल्या तरी मी आईला एका वाक्यात उरकायची. एकदा, सुई चुलीकडे रोखून नॉर्माबाई अगदी डोळे भरून बोलत होत्या, तेव्हा आईने माझी बाही ओढली.

"मंजे, त्या डब्याबद्दल काय सांगतायत गं इतकं?"

"काही नाही गं. जुनी किटली आहे म्हणतायत."

एवढंच. एवढंच मी सांगितलं. नॉर्माबाई खरं काय म्हणत होत्या ते आता लिहिते, पन्नासेक वर्षं उशिरा. त्या म्हणत होत्या: ते जगप्रसिद्ध गाणं या किटलीवर आहे. गरीब आईची काळी किटली. तिच्या काजळीचा प्रत्येक थर म्हणजे त्या माउलीचा एकेक दिवस आहे. ही किटली आजवर कोणीही धुतलेली नाही.

दिवाळी आली. इथे दिवाळी उन्हाळ्याच्या तोंडाशी येते, थंडी नाही की काही नाही, पण आईची साफसफाई तीच. त्या वर्षी आणखी एक निमित्त होतं. पुढच्या शनिवारी खुद्द क्लेम हॅरिगन, समुद्रकाठी राहणारा म्हातारा क्लेम, बऱ्याच वर्षांनी घर बघायला येणार होता. त्यानंतरच्या सोमवारी समितीची बैठक. घर पूर्ण संग्रहालय करायचं की आम्हाला राहू द्यायचं, हे तिथे ठरणार होतं. आम्हाला निघावं लागलं तर बाबांना आणखी पश्चिमेला, जिथे हायस्कूलच नाही अशा गावी जावं लागणार, आणि मला टूवूंबाला हॉस्टेलवर. हॉस्टेलची माहिती आलेला लिफाफा बाबांच्या टेबलावर होता. मी तो रोज उचलून बघायची आणि पुन्हा तसाच ठेवायची. आई त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. मी गेले असते तर दिवसभर तिच्याशी बोलायला त्या गावात एकही माणूस उरलं नसतं.

रविवारी मी ग्लेनिसकडून परत आले तर आई मागच्या पायरीवर पदर खोचून बसली होती. मागच्या लिंबाच्या झाडाची अर्धी लिंबं पिळलेली, परातीत राख, हातात नारळाच्या शेंड्या. आणि तिच्या मांडीवर चांदीसारखं काहीतरी लखलखत होतं.

"बघ गं," ती खूश होऊन म्हणाली. "दोन तास लागले. काय दशा केली होती भांड्याची! त्याची आई तरी काय म्हणत असेल वरून. शनिवारी तो येणार, आणि आपल्या स्वयंपाकघरात हे असलं?"

मला आठवतं की मला आधी हसू आलं आणि मग नॉर्माबाईंचं बोलणं डोक्यात आलं. मी तिला गाणं सांगितलं. या वेळी पूर्ण, शब्द न् शब्द. आई ऐकत गेली आणि तिच्या हातातली शेंडी हळूहळू खाली आली.

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. रागावून नाही, खरंच कळत नव्हतं तिला. तेवढ्यात जाळीचं दार आपटलं आणि धुतलेले पडदे हातावर घेऊन नॉर्माबाई आल्या.

त्या ओरडल्या नाहीत. पडदे पायरीवर ठेवले, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "अरे देवा," एवढंच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तिला माहीत नव्हतं का? मी दर शनिवारी सांगते की." आणि मी, माझी मला लाज वाटते पण लिहिते, मी म्हणाले, "आईला इंग्रजी येत नाही ना." ते खरं होतं. पण ज्याने माझी सुटका होईल तेवढंच खरं मी बोलले.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "बूट पॉलिश लावू या."

"आणि त्याने त्यात चहा मागितला तर?" आई म्हणाली. "अहो, पेशंटला तरी देता का काही असलं?" मग थोडा विचार करून तिने निकाल दिला. "भांडं जाळावर ठेवलं की काळं होतं. त्यात काय एवढं. सहा दिवस आहेत. चहा करायचा."

तो आठवडा माझ्या आयुष्यातला फार सुंदर आठवडा होता, आतून मला खात असलं तरी. नॉर्माबाई म्हणाल्या, कोरडं लाकूड धूर करत नाही, ओली फांदी हवी. आणि दुपारी गाडीत फांद्या घालून आल्या. समितीच्या आणखी दोन बायका आल्या. मागच्या अंगणात तीन विटा मांडल्या, आणि शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत चहावर चहा. आईने आलं घातलं. बायकांनी आधी नाकं मुरडली आणि बुधवारी आल्याशिवायचा चहा पिईनात. कोणी भोपळ्याचे स्कोन, म्हणजे लहान गोडसर पाव, आणले. आईने विचारलं, लाल भोपळा गोडात? मी म्हटलं, हो. "मग आपल्या घारग्यांसारखंच की," म्हणाली, आणि गुरुवारी घारगे केले. नॉर्माबाई सुई सोडून बोटाने दाखवू लागल्या: "हे काय? आणि हे?" आई सांगायची, त्या उलट सांगायच्या. माझी गरज कमी कमी पडत होती, हे माझ्या लक्षात आलं.

पण किटली काही काळी होईना. रोज संध्याकाळी नुसतं पुसलं की पुन्हा लख्ख. नॉर्माबाई चक्रावल्या. "जादूटोणा आहे हा!" गुरुवारी मी आईवर नजर ठेवली तेव्हा कळलं. किटली विटांवर ठेवण्याआधी ती सवयीने तिच्या बुडाला ओल्या राखेचा हात फिरवत होती. चुलीवर चढणाऱ्या प्रत्येक भांड्याला तिच्या माहेरी तसं करत, म्हणजे काजळी पत्र्याला धरत नाही आणि घासायला सोपं जातं. चार दिवस ती एका हाताने भांडं काळं करायला ठेवत होती आणि दुसऱ्या हाताने वाचवत होती. मी सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला, राखेसकट, आणि आम्ही सगळ्या जणी विटांभोवती बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. नॉर्माबाईंना तर उचकीच लागली.

उरल्या दीड दिवसात जेवढी काजळी धरली तेवढी धरली. लांबून ठीक दिसत होती.

शनिवारी दोन बस आल्या. क्लेम हॅरिगन उंच, वाळका, गुडघ्यांनी बेजार असा म्हातारा होता. दारात हॅट काढली. समोरच्या खोल्यांत त्याने फार वेळ घालवला नाही. स्वतःच्या खाटेकडे बघून "हिच्यावर झोप कधी लागलीच नाही" एवढं म्हणाला. मग स्वयंपाकघरात आला. दोरीमागे माणसं दाटली. आई आमच्या शेगडीपाशी, नव्या नारिंगी साडीत, हातात शंकरपाळ्यांचं ताट. क्लेम दोरी ओलांडून चुलीपाशी गेला आणि त्याने किटली उचलली.

त्याचा अंगठा फिरला आणि काजळीतून एक लखलखीत पट्टा उघडा पडला. त्याने अंगठ्याकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं. रेकॉर्डवर तो स्वतःच गात होता.

"ते बंद करा जरा," तो म्हणाला. मग, "ही कोणी घासली?"

नॉर्माबाई लाल झाल्या. "क्लेम, मला फार वाईट वाटतं, डॉक्टरांच्या बायकोला कल्पना नव्हती..."

"मी सांगितलं नव्हतं," मी म्हणाले. माझा आवाज फार मोठा निघाला. "नॉर्माबाई दर शनिवारी सांगत होत्या. आईने मला विचारलं होतं. मला कंटाळा आला म्हणून मी सांगितलं नाही. चूक माझी आहे, आईची नाही." आणि लगेच, कोणी काही बोलायच्या आत, तेच सगळं मी आईकडे वळून मराठीत सांगितलं. चाळीस माणसांसमोर. आई माझ्याकडे बघत राहिली. मग ताट खाली ठेवून तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"कशाने घासली?" क्लेमने विचारलं.

"राखेने," मी म्हटलं. "आणि मागच्या झाडाच्या लिंबांनी."

त्याने खुर्ची ओढली आणि बसला. "माझी आईसुद्धा," तो म्हणाला. "दर शनिवारी दुपारी. ह्याच चुलीची राख, त्याच झाडाची लिंबं. सोमवारपर्यंत तिच्या हातांना वास यायचा." त्याने किटली मांडीवर घेतली. "काळी वगैरे ही किटली कधीच नव्हती. मी बावीस वर्षांचा होतो, ब्रिस्बेनला एका खोलीत बसून गाणं करत होतो. काळी म्हटलं की जरा जास्त गरीब वाटतं. रेडिओवर लागलं तेव्हा महिनाभर बोलली नाही माझ्याशी. म्हणाली, सगळ्या देशाला सांगितलंस ना, की एलन हॅरिगन घाणेरड्या भांड्यात चहा करते. ती गेल्यावर ही मी माझ्याबरोबर दौऱ्यांवर नेली, रस्त्यात जाळावर चहा केला. ही काजळी माझी आहे. तिची नाही."

आईने माझ्या पाठीवरचा हात हलवला. "काय म्हणतोय?" मी सांगितलं, एकही शब्द न गाळता.

"मग बरोबरच आहे तिचं," आई म्हणाली. "कोणालाही राग येईल. माफी मागितली का म्हणावं?"

हे मी इंग्रजीत करू की नको, असा क्षणभर प्रश्न पडला. मग केलं. क्लेम हॅरिगन आधी हसला, आणि हसता हसता थांबला. "नाही," तो म्हणाला. "नाही मागितली." मग उठला, किटली घेऊन जाळीचं दार ढकलून मागच्या पायरीवर जाऊन बसला आणि म्हणाला, "तिला सांग, राख आण."

आईने राख, लिंबं आणि शेंडी नेऊन दिली. दोन बसमधली माणसं अंगणात गोल उभी राहिली, आणि तो एवढा मोठा गायक, कोटाच्या बाह्या दुमडून, आपल्या आईची किटली घासायला लागला. कोणीतरी गाणं गुणगुणायला सुरुवात केली. नॉर्माबाईंनी सुई उगारून त्याला गप्प केलं. आई जवळ उभी राहून बघत होती, आणि तिला काही राहवेना.

"मंजे, कडीच्या खाली म्हणावं. कडीच्या खाली राहतंय."

मी सांगितलं. "येस, मम," क्लेम म्हणाला, अगदी स्वतःच्या आईला म्हणावं तसं, आणि कडीच्या खाली घासलं.

सोमवारी समितीची बैठक किती वेळ चालली ते मला माहीत नाही. संध्याकाळी नॉर्माबाई आल्या, थेट स्वयंपाकघरात गेल्या, लाल दोरी सोडली, गुंडाळली आणि आपल्या पर्समधे टाकली. "शनिवारी शंकरपाळी जरा जास्त कर," त्या आईला म्हणाल्या. शंकरपाळी हा शब्द त्यांनी पूर्ण आणि जवळजवळ बरोबर म्हटला. बाबांच्या टेबलावरचा लिफाफा मी शेगडीच्या बाजूच्या खणात टाकला. पुढे आईने तो डब्याच्या तळाशी घालायला वापरला.

आम्ही तिथे चार वर्षं राहिलो. आता मी टूवूंबाला असते, आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधीच्या शनिवारी, गाडी काढून तिकडे जाते. गाइड आता एक तरुण मुलगी आहे, कानात माइक लावून बोलते. ती गाणं लावते आणि मग खरी गोष्ट सांगते. त्यात तिने आईचं माहेर मद्रास करून टाकलंय. मी दोनदा दुरुस्त करून पाहिलं, आता सोडून दिलं. गोष्ट संपली की सगळे मागच्या पायरीपाशी येतात, कारण त्या घरी येणाऱ्या पाहुण्यांपैकी कोणीतरी एकाने किटली घासायची असा आता रिवाज आहे. गेल्या वर्षी तासमानियाहून आलेला एक दांडगा ट्रक ड्रायव्हर बसला होता. बरं घासत होता. मी मागे हात बांधून उभी होते, काही बोलायचं नाही असं ठरवून.

पण कडीच्या खाली राहत होतं. सांगावंच लागलं.